घरामागचं लॉन खेळायला तयार करायचंय? मग आधी गवत विसरा, माती बघा

घरामागच्या लॉनवर बॅडमिंटनचं नेट लावायचं किंवा पोरांना स्टंप रोवून द्यायचे असं ठरलं की सगळ्यात आधी प्रश्न येतो, कुठलं गवत घ्यायचं? खरं सांगायचं तर हा प्रश्न पाचव्या-सहाव्या नंबरचा आहे. खेळाच्या लॉनवरचं गवत पायाखाली चिरडून जेवढं मरतं त्यापेक्षा जास्त ते खालची माती दाबली गेल्यामुळे मरतं, कारण माती दाबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बंद होतात, पाणी वरच साचतं, मुळं वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमधेच राहतात आणि मग कोणी जरा जोरात वळलं की गवताचा अख्खा तुकडा निघून हातात येतो. त्यामुळे महागातलं महाग बी टाका नाहीतर तयार गवताच्या लाद्या आणून अंथरा, खालची जमीन तशीच असेल तर एका सीझनमधे टक्कल पडणार.

खेळ कुठला आणि जागा किती, हे कागदावर मांडा

टेप घेऊन जागा मोजा. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं, सिंगल्सला रुंदी ५.१८ मीटर पुरते. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर लागतात, म्हणजे बहुतेक घरांमागे ते बसतच नाही, पण लहान करून खेळता येतंच की. क्रिकेटची पिच २२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर, लहान पोरांना १५-१६ मीटर भरपूर झाली. आणि नुसतं कोर्ट बसून भागत नाही हां, चहूबाजूंनी निदान दोन मीटर मोकळे हवेत, नाहीतर शटलच्या मागे पळणारा माणूस थेट भिंतीवर किंवा कुंपणावर जातो.

दिशा पण आत्ताच ठरवा. जमलं तर लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. लोकं खेळतात संध्याकाळी, आणि पूर्व-पश्चिम कोर्ट असेल तर एका बाजूच्याच्या डोळ्यात पूर्ण वेळ ऊन, मग प्रत्येक गेमला साइडवरून भांडण.

अजून एक गोष्ट, सूर्यप्रकाश. दिवसातून ६ तास थेट ऊन येत नसेल त्या कोपऱ्यात खेळाचं लॉन करू नका. सावलीत वाढणारं गवत असतं, नाही असं नाही, पण सावलीत वाढणारं आणि रोजचं तुडवणं सोसून पुन्हा भरून येणारं, हे दोन्ही एकत्र जवळपास मिळत नाही. मोठ्या झाडाखाली तर मुळांची पण स्पर्धा असते. तिथे बेंच टाका, पाण्याच्या बाटल्या ठेवा, खेळ उन्हातल्या बाजूला न्या.

मातीच्या साध्या तपासण्या

यासाठी लॅब वगैरे लागत नाही (सामू म्हणजे पीएच तपासायचा असेल तर साधं किट घ्या, ६ ते ७ च्या आसपास असला की बहुतेक लॉनचं गवत खूष असतं).

पहिली तपासणी, लांब स्क्रू ड्रायव्हर. जमीन वाफशावर असताना, म्हणजे ओली गिच्च नाही आणि कोरडी ठणठणीत पण नाही अशी असताना, स्क्रू ड्रायव्हर हाताने दाबा. १०-१५ सेंटीमीटर सहज गेला तर उत्तम. चार सेंटीमीटरवरच अडला तर माती दाबलेली आहे किंवा खाली डबर आहे. हे एकाच जागी करू नका, दहा-बारा ठिकाणी करा, कारण पायवाटेची जागा आणि बाजूची जागा यात जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

दुसरी तपासणी पाण्याची. साधारण ३० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. पहिल्या वेळचं मोजू नका, कोरडी माती पाणी पटकन पिते आणि फसवं उत्तर देते. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरलं तर काम चालेल, त्याहून बरंच कमी असेल तर निचऱ्याचं काम आधी, बाकी सगळं नंतर.

तिसरी, काचेच्या बरणीची. बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा (वाळू आणि चिकणमातीच्या मधल्या आकाराचा बारीक गाळ) काही तासांत, चिकणमाती बसायला एक दिवस किंवा जास्त लागतो. थरांची जाडी बघून आपली माती कुठल्या अंगाची आहे ते कळतं. चिकणमाती जास्त निघाली की लगेच लोकं वाळू ओतायला धावतात, तेवढं मात्र करू नका प्लीज! चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की दोन्ही मिळून विटेसारखं घट्ट होतं, फायदा व्हायचा तर वाळूचं प्रमाण इतकं जास्त लागतं की जवळपास अख्खी माती बदलल्यासारखंच होतं. चिकणमातीला चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत हाच खरा उपाय. जिप्समचं पण असंच, सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत त्याचा उपयोग होतो, प्रत्येक घट्ट जमिनीवरचं औषध नाही ते.

खणणं, डबर काढणं आणि उतार देणं

घर नवीन बांधलेलं असेल तर मागच्या अंगणात काय काय पुरलेलं असतं ते विचारू नका. वरती छान दहा सेंटीमीटर माती पसरलेली आणि खाली विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, तारा, खिळे. निदान वरची १५ सेंटीमीटर माती साफ आणि मोकळी हवी, २० मिळाली तर फारच छान. खणण्याआधी पाण्याची लाईन, ड्रेनेज, वायर, गॅसचा पाईप कुठून गेलाय हे माहिती करून घ्या, हे काम कंटाळवाणं आहे पण कुदळ वायरवर पडल्यावर आठवून उपयोग नाही. सगळं उपसून झाल्यावर एक मोठं लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवा, खिळे आणि तारांचे तुकडे निघतातच, आणि पोरं अनवाणी खेळणार आहेत हे लक्षात ठेवा.

मातीत ३ ते ५ सेंटीमीटर जाडीचा कंपोस्टचा थर टाकून वरच्या १५ सेंटीमीटरमधे मिसळा. हे पण वाफशावरच. ओल्या चिकणमातीत फावडं घातलं की ढेकळं होतात आणि वाळल्यावर ती फुटता फुटत नाहीत.

आता उतार. एकदम सपाट लॉन हे ऐकायला बरं वाटतं पण पाणी जाणार कुठे? १ ते २ टक्के उतार ठेवा, म्हणजे प्रत्येक मीटरला १ ते २ सेंटीमीटर, आणि घराच्या पायापासून लांब जाणारा. खेळताना हा उतार जाणवत पण नाही. कोर्टचा उतार आडवा द्या, एका साइडलाईनकडून दुसऱ्या साइडलाईनकडे, म्हणजे नेटच्या दोन्ही बाजूंना सारखंच पडतं, ६ मीटर रुंदीला १ टक्का म्हणजे फक्त ६ सेंटीमीटर. दोन खुंट्या, एक सुतळी आणि त्यावर लावायची छोटी लेव्हल, एवढ्यात काम होतं.

लेव्हल बघायला तीन मीटरची सरळ फळी जमिनीवर ठेवून खालची फट बघा. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फट असेल तिथे भर घाला. क्रिकेटला किंवा बॉल लोळवायच्या खेळांना हे फार महत्त्वाचं, बॅडमिंटनला शटल जमिनीवर टप्पे घेत नाही पण पाय मुरगळतो तो याच खड्ड्यांमधे, त्यामुळे सोडून देऊ नका. माती भरल्यावर लगेच बी टाकू नका, एक-दोन वेळा चांगलं पाणी देऊन बसू द्या, मग जिथे खचली तिथे पुन्हा भरा. पायाच्या टाचांनी हळूहळू चालत दाबलं तरी पुरतं, हलका रोलर असेल तर एकदा फिरवा. जड रोलर नको. रोलरने उंचवटे सपाट होतात असा लोकांचा समज आहे, प्रत्यक्षात तो माती दाबतो, आणि आपण आत्ताच जी मोकळी केली तीच.

आता गवत

गरम हवामान असेल तर हरळी, म्हणजे आपली दूर्वा, आणि तिच्या सुधारित जाती, याला खेळासाठी तोड नाही. ती जमिनीच्या वरून पण पसरते आणि खालून पण, त्यामुळे टक्कल पडलेला भाग आपोआप भरून काढते. अट एकच, भरपूर ऊन. झॉयसिया दिसायला दाट आणि सुंदर, तुडवणं पण चांगलं सोसते, पण वाढ सावकाश, एकदा उखडली की भरायला खूप वेळ घेते, म्हणून रोज क्रिकेट होणार असेल तर मी हरळीच घेईन. थंड हवामानात बारमाही रायगवत तुडवणं सोसण्यात पुढे, पण ते झुपक्यात वाढतं, पसरत नाही, म्हणून त्यात केंटकी ब्लूग्रास मिसळतात जी जमिनीखालून पसरून मोकळ्या जागा भरते. टॉल फेस्क्यू खोल मुळांची, पाण्याचा ताण सोसणारी, पण फार बारीक कापलेली तिला चालत नाही.

बी की लाद्या? वेळ असेल तर बी किंवा हरळीच्या मुळ्या लावणं स्वस्त आणि चांगलं, कारण गवत पहिल्यापासून तुमच्याच मातीत मूळ धरतं. रायगवताला प्रति चौरस मीटर ३०-४० ग्रॅम बी लागतं, हरळीचं बी फार बारीक असतं तिला ५ ते १० ग्रॅम पुरे, आणि ते खोल गाडू नका, दंताळ्याने हलकं मिसळून दाबून घ्या. रायगवत ५ ते १० दिवसांत उगवतं, ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे मिश्रण टाकून आठवड्यात हिरवं दिसलं म्हणजे सगळं उगवलं असं समजू नका. गरम हवामानाची गवतं उन्हाळा सुरू होताना लावायची आणि थंड हवामानाची उन्हाळा ओसरल्यावर.

सगळ्यात अवघड पायरी यानंतरची आहे, थांबणं. बियाने केलेल्या लॉनवर दोन-तीन महिने खेळ नाही. लाद्या लावल्या असतील तर तीन-चार आठवड्यांनी एक कोपरा धरून वर ओढून बघा, उचलला गेला तर अजून मूळ धरलेलं नाही. घरातली पोरं हे ऐकणार नाहीत हे गृहीत धरून खुंट्या रोवून दोरी बांधाच, दोरीला रंगीत कापडाच्या चिंध्या लावा म्हणजे अंधारात कोणी अडकून पडणार नाही.

लॉन आधीपासूनच असेल तर

मग सगळं उकरायची गरज नाही. माती दाबलेली असेल तर एरेशन करा, म्हणजे पोकळ दात्यांच्या मशीनने ७ ते १० सेंटीमीटर खोल मातीच्या गोट्या काढायच्या. मशीन भाड्याने मिळत असेल तर घ्या, नाहीतर गार्डन फोर्क १० सेंटीमीटर खुपसून जरासा मागेपुढे हलवायचा, दर १० सेंटीमीटरवर, हाताचं काम आहे, दमायला होतं, पण छोट्या जागेला पुरतं. खिळ्यांचे बूट घालून लॉनवर फिरायची आयडिया दिसायला मजेशीर आहे, उपयोग जवळपास शून्य, कारण खिळा माती काढत नाही, बाजूला दाबतो. एरेशन गवत जोरात वाढत असतानाच करायचं, म्हणजे भोकं लवकर भरतात.

त्यावर चाळलेली माती आणि कंपोस्ट यांचा पातळ थर पसरा. ५ मिलिमीटर पुरे, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर, १०० चौरस मीटरला साधारण अर्धा घनमीटर. दंताळ्याच्या उलट्या बाजूने घासून गवताची टोकं वर दिसतील असं करा, गवत पूर्ण गाडलं गेलं तर पिवळं पडतं. जी माती खाली आहे तिच्याशी जुळणारीच माती वापरा, वेगळ्या प्रकारचे थर एकावर एक बसले की पाणी त्या सीमेवर अडतं.

मोठा खड्डा किंवा उंचवटा असेल तर थर देऊन भागत नाही. तिथे धारदार फावड्याने एक सरळ छेद आणि त्याच्या दोन्ही टोकांना आडवे छेद द्या, गवताचे दोन पदर पुस्तकासारखे उघडा, खालची माती घाला किंवा काढा, पदर परत मिटून पायाने दाबा आणि पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत खूण पण दिसत नाही.

कापणं, पाणी, खत

कापताना एकाच वेळी पानाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम मोडला की बाकी काहीही करा, गवत अशक्त राहतं. हरळी अडीच ते चार सेंटीमीटर, रायगवत तीन ते पाच, टॉल फेस्क्यू सहा-साडेसात ठेवा. विम्बल्डनची कोर्टं ८ मिलिमीटर असतात आणि २००१ पासून तिथे शंभर टक्के बारमाही रायगवत आहे, हे वाचून कोणी तसं करायला जाऊ नका, तिथे स्पर्धेच्या काळात रोज कापतात आणि त्यासाठी सिलिंडर मोवर, म्हणजे रुळासारख्या फिरणाऱ्या पात्यांचं कापायचं मशीन, आणि पूर्ण स्टाफ असतो. घरच्या फिरत्या पात्याच्या मशीनने अडीच सेंटीमीटरच्या खाली गेलात तर जमीन सोलली जाते. पातं धारदार ठेवा, बोथट पात्याने टोकं फाटतात आणि लॉन करड्या रंगाचं दिसतं. कापलेले बारीक तुकडे तिथेच राहू द्या, खत होतं.

पाणी रोज शिंपडू नका. आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर, एक किंवा दोन वेळात विभागून (पाऊस धरून, हवामान आणि माती बघून कमीजास्त). एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे १०० चौरस मीटरला आठवड्याला २५०० लिटर झाले, लॉन केवढं करायचं हे ठरवताना हा आकडा समोर ठेवा. स्प्रिंकलर किती देतोय ते बघायला चार-पाच रिकामे सपाट डबे इकडेतिकडे ठेवून अर्ध्या तासात किती भरले ते मोजा. पहाटे द्या. आणि खेळाच्या आदल्या दिवशी देऊ नका, ओल्या मातीवरचा एक तासाचा खेळ कोरड्या मातीवरच्या कित्येक दिवसांइतकं नुकसान करतो.

खतामधे नत्र (नायट्रोजन) एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅमच्या वर नको. युरियात ४६ टक्के नत्र असतं म्हणजे तो ११ ग्रॅमपर्यंत, आणि मी तर म्हणेन निम्मा टाका आणि थोड्या आठवड्यांनी परत टाका. कोरड्या पानांवर पसरून लगेच पाणी द्या, ओल्या पानांवर दाणे चिकटले की डाग पडतात. नत्र जास्त झालं की गवत हिरवंगार आणि लुसलुशीत होतं, फोटोला मस्त, पण पायाखाली लगेच फाटतं. पालाश (पोटॅश) कमी पडू देऊ नका, गवत कणखर राहायला ते लागतं.

तणांमधे दिसल्या दिवशी उपटायचं ते गोखरू, काटे पायात पण जातात आणि हलक्या चेंडूत पण. लव्हाळा नुसता उपटून जात नाही, गाठी खाली राहतात, खणूनच काढावा लागतो. तणनाशक मारलंच तर लेबलवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा वेळ कोणालाही लॉनवर सोडू नका.

आखणी आणि खांब

काटकोन काढायला ३-४-५ ची पद्धत, एका बाजूला ३ मीटर, दुसऱ्या बाजूला ४, आणि तिरपं अंतर बरोबर ५ आलं की काटकोन. बॅडमिंटनच्या पूर्ण कोर्टचा कर्ण १४.७२ मीटर येतो, दोन्ही कर्ण सारखे आले की आखणी बरोबर. नेट खांबापाशी १.५५ मीटर आणि मधोमध १.५२४ मीटर.

रेघांसाठी बांधकामाचा चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर इजा होते, कातडी पण भाजते. खडूची पूड किंवा पाण्यात मिसळणारा मार्किंगचा रंग वापरा. तणनाशकाने गवत जाळून रेघा पाडणारे पण लोकं आहेत, त्यांनी कोर्ट हलवायचं कधी ते ठरवून ठेवावं, कारण कोर्ट हलवावंच लागणार आहे.

कायमचे खांब लावू नका. जमिनीत साधारण ५० सेंटीमीटर खोल पाईपचा तुकडा काँक्रीटमधे बसवा, तोंड जमिनीच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली, वर झाकण, आणि खेळायच्या वेळी खांब त्यात घाला. अशा दोन-तीन जोड्या आधीच बसवून ठेवल्या की कोर्ट सरकवता येतं. फुटबॉलचा हलवता येणारा गोल असेल तर तो जमिनीला पक्का बांधलाच पाहिजे, मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि गोल अंगावर पडून जीव गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. स्प्रिंकलरची डोकी जमिनीच्या वर आलेली नाहीत ना, ते पण बघा.

खेळ सुरू झाल्यावर

झीज सगळीकडे सारखी होत नाही. गोलच्या तोंडाशी, बॅट्समन उभा राहतो तिथे, बॉलर पाय आपटतो तिथे आणि बॅडमिंटनला सर्व्हिस करतात त्या जागी आधी माती दिसायला लागते. टक्कल पडल्यावर नाही, गवत पातळ व्हायला लागलं की लगेच कोर्ट मीटर-दीड मीटर सरकवा किंवा जागा असेल तर काटकोनात फिरवा. रोज क्रिकेट होणार असेल तर मी सरळ सांगेन, बॅटिंग आणि बॉलिंगच्या जागेवर मॅट टाका, आणि खेळ संपला की उचला, रात्रभर राहिली तर खालचं गवत पिवळं पडतं.

पावसानंतर खेळायचं की नाही हे पायाने ठरवा. टाच दाबल्यावर पाणी वर आलं किंवा पावलाचा ठसा उमटून तसाच राहिला तर आज खेळ बंद, कितीही तोंडं वाकडी झाली तरी. कडाक्याच्या थंडीत गवतावर दहिवर गोठलं असेल तर ते वितळेपर्यंत पण पाऊल टाकू नका, गोठलेली पानं मोडतात आणि काळी पडतात.

गवताचा तुकडा उखडला गेला तर तो त्याच संध्याकाळी जागेवर बसवून पायाने दाबा आणि तेवढ्यापुरतं पाणी द्या, दुसऱ्या दिवशी मुळं वाळलेली असतात. तुकडा हरवला असेल तर चाळलेली माती आणि बी मिसळून एक बादली भरून ठेवलेली असावी, खेळ आवरताना मूठमूठ खड्ड्यात. हरळीला बी नसलं तरी चालतं, नुसती माती भरा, बाजूची हरळीच पसरत येते, पण त्या भागाला तीन-चार आठवडे सुट्टी द्या, आणि ती सुट्टी गवत वाढायच्या दिवसांत द्या, थंडीत झोपलेली हरळी महिनाभर रिकामी ठेवली तरी एक इंच पण भरत नाही.